खालच्या वावराचं मीठ मोजताना

त्या दिवशी सकाळी नऊलाच ऊन डोक्यावर आल्यासारखं वाटत होतं. गुढीपाडवा होऊन चार दिवस झालेले. सातपुड्याकडून वारा येत होता, पण चुलीसमोर बसल्यावर अंगाला लागतो तसा. लिंबावरच्या साळुंक्या चोची उघड्या टाकून गप्प बसल्या होत्या. आणि माझ्या खालच्या वावरात, जिथं आठ दिवसांपूर्वी ओल होती, तिथं पांढरं वर आलं होतं. बारीक, पिठासारखं. पाय ठेवला की कुरकुर वाजायचं.

तिथून जे मीठ मोजणं सुरू झालं ते आखाजीपर्यंत, म्हणजे अक्षय तृतीयेपर्यंत चाललं. तेवढ्या दिवसांत इतक्या गोष्टी घडल्या, की आता ओट्यावर कोणी येऊन बसलं की एक सांगता सांगता दुसरी निघते. गोष्टींचंही मिठासारखंच आहे. उंचावर टिकत नाहीत, सखल जागी येऊन साठतात. आणि आमचा ओटा गावात सगळ्यात सखल.

आमचं गाव चोपड्याच्या खाली, तापीच्या अंगाला. मी शाळेत गेलो तो एकदाच, तिची कौलं शाकारायला. अक्षरं लेकीनं शिकवली, तीही साठीनंतर. तेव्हा लिहिण्यात मागंपुढं झालं तर सांभाळून घ्या. घाई मला कधी जमली नाही.

*

माझा मुलगा राजू सुरतेला असतो, साड्यांच्या कारखान्यात. त्याचं म्हणणं सरळ होतं. खालचं वावर दोन एकर. तीन वर्षं झाली, त्यात कपाशी गुडघ्यावर जात नाही. केळी लावली ती पिवळी पडून बसली. तर आबा, ते वीटभट्टीला देऊन टाका. भट्टीवाला वरची तीन फूट माती उचलून नेईल, आपली कटकट जाईल.

आता वरची तीन फूट माती गेल्यावर मागं जे राहतं त्याला वावर म्हणत नाहीत, खड्डा म्हणतात. पण सुरतेहून ते दिसत नाही. त्या वावरातली बाभळीची खुंटं मी आणि बायकोनं काढलेली, दोन उन्हाळे. मी राजूला म्हटलं, आखाजीपर्यंत थांब. आमच्याकडे वर्षाचा गडी, सालदार, ठेवायचा, वावर कोणाला द्यायचं, सगळं आखाजीला ठरतं. तोवर मोजून बघू, किती खारं आहे ते. सुधरण्यासारखं निघालं तर ठेवू. नाही तर भट्टी.

तो म्हणाला, "बरं. पण आधी मला दाखवा. व्हिडिओ कॉल करतो."

मी वावरात उभा राहिलो, फोन समोर धरला. राजूचा आवाज आला, "अरे देवा. आबा, हे तर सगळं पांढरं झालं."

मी म्हटलं, "तेच सांगतोय तुला."

"आणि भेगा केवढ्या पडल्यात."

त्याला नीट दिसावं म्हणून मी फोन आणखी जवळ घेतला. तो म्हणाला, "इथं तर काही उगवतच नाही. नुसती खुंटं दिसतात."

बायको मागून वाकून बघत होती. ती म्हणाली, "राजू, ती तुन्हा बापनी दाढी शे."

फोनचा डोळा सगळा वेळ माझ्याकडेच होता. राजू मग म्हणाला, "आबा, आधी न्हाव्याकडे जाऊन या."

*

सुपडूनाना माझा शेजारी, घराचाही आणि वावराचाही. घर भिंतीला भिंत, वावर बांधाला बांध. फक्त त्याचं वावर वर आणि माझं खाली. चाळीस वर्षांत आमचं भांडण एकदाच झालं, कोणाचा बैल शहाणा यावरून. दोन्ही बैल जाऊनही आता वीस वर्षं झाली, भांडण अजून मिटलेलं नाही.

नाना म्हणाला, "मोजाले यंत्र कसाले पाहिजे? मन्ही जीभ शे ना."

खरं सांगायचं तर जुनी माणसं मातीची चव घेऊनच जमीन ओळखत. नानानं त्याची तीन मापं केली होती. सगळ्यात कमी खारं म्हणजे वरण. त्याच्यावर पापड. आणि सगळ्यात खारं म्हणजे लोणचं. लोणचं निघालं की त्या जमिनीची आशा सोडायची.

त्यानं ओट्यावर आणून ठेवलेलं माझ्या वावरातलं ढेकूळ उचललं, टोकाला जीभ लावली, डोळे मिटले. बराच वेळ विचार केला. मग म्हणाला, "आबा, हाई तं लोणचं शे."

मला ते खरंच वाटलं. बायको मात्र घरात गेली आणि थाळीत तीन ढेकळं घेऊन आली. म्हणाली, "नाना, हाई बी देखा."

नानानं पहिलं चाखलं. लोणचं. दुसरं चाखलं. लोणचं. तिसऱ्याला नुसती जीभ टेकवली आणि तोंड वाकडं केलं. लोणचंच.

बायको म्हणाली, "पह्यलं आमनं वावर. दुसरी तुळशीनी माटी. आनि तिसरी तुमनाच वावरनी."

नानानं मग हळूच गालातली गोळी दुसऱ्या गालात सरकवली आणि म्हणाला, "तोंडमा तंबाखू व्हती. चुना जरासा जास्त व्हयना."

बायकोनं थाळी उचलली. "नाना, पह्यले तुमना तोंडना नमुना द्या."

*

मग आम्ही रीतसर जायचं ठरवलं. वैशालीताई आमच्या गावाची कृषी सहायक. धुळ्याकडची मुलगी, स्कूटीवर येते, चहा घेत नाही आणि एक गोष्ट तीनदा समजावून सांगते. माझ्यासारख्याला असंच माणूस लागतं.

तिनं सांगितलं, नमुना बांधाजवळचा नको, उकिरड्याजवळचा नको, झाडाखालचा नको. खताच्या रिकाम्या गोणीत तर मुळीच भरायचा नाही. वावरात नागमोडी चालायचं आणि आठ ठिकाणी इंग्रजी व्हीसारखा खड्डा करायचा.

मी म्हटलं, "ताई, व्ही मला ठाऊक नाही."

तिनं इकडंतिकडं बघितलं आणि म्हणाली, "नांगराच्या फाळासारखा." मग लगेच कळलं.

आठ खड्ड्यांची माती एकत्र करायची, गोल पसरायची, भाकरीचे करतात तसे चार भाग करायचे, समोरासमोरचे दोन टाकून द्यायचे. उरलेल्याचं पुन्हा तसंच. अर्धा किलो राहीपर्यंत. मला हे काम फार आवडलं. एक अख्खा दिवस लावला. शेवटी ताई म्हणाली, "आता सावलीत, स्वच्छ फडक्यावर वाळवा आणि पिशवीत भरून द्या."

बायकोनं स्वच्छ चादर दिली, माती वाळली, पिशवी जळगावला गेली.

पाच दिवसांनी तिथून ताईला फोन आला आणि ताईनं तो माझ्या हातात दिला. पलीकडचे साहेब फार अदबीनं बोलत होते. "आबा, या शेतात सध्या काय घेता तुम्ही?"

मी म्हटलं, "काही नाही साहेब. रिकामं आहे."

"नाही, म्हणजे... मीठ तर इतकं निघालंय की समुद्रातली माती वाटावी. पण मातीला हळदीचा वास येतोय."

मी बायकोकडे बघितलं. तिनं चादरीकडे बघितलं. पाडव्याच्या वाऱ्यात पडलेल्या कैऱ्यांच्या फोडी तिनं मीठ-हळद लावून त्याच चादरीवर वाळवल्या होत्या.

"मी चादर उलटी करेल व्हती ना," ती म्हणाली.

हे सगळं सुपडूनाना ओट्याच्या कडेला बसून ऐकत होता. त्याचा चेहरा असा उजळला, जणू त्याचा बैल पुन्हा जिवंत झाला असावा.

"मी सांगेल व्हतं ना," तो म्हणाला. "लोणचं."

*

पुन्हा नमुना पाठवायचा तर पुन्हा पाच दिवस. आखाजी जवळ येत चालली होती. मग ताईनं शेतकरी गटाचा मीटर माझ्याकडे आणून ठेवला. पेनासारखा असतो. पेलाभर माती, त्यात पाच पेले पाणी, बाटलीत घालून हलवायचं, अर्धा तास ठेवायचं, वरच्या पाण्यात मीटर बुडवायचा. आकडा येतो. ताई म्हणाली, "फक्त पाणी हे वापरायचं," आणि पाच लिटरचा एक डबा ठेवून गेली. त्या पाण्यात मीठ म्हणून नसतं. डिस्टिल वॉटर.

अर्धा तास थांबायचं काम गावात कोणालाच जमत नव्हतं, म्हणून मीटर माझ्याकडे. मला बसायला सांगितलं तर मी तासभर बसतो.

पहिल्या दिवशी चार नमुने नीट झाले, पण ते माझे नव्हते. लोक आधी आपापली माती घेऊन रांगेत बसले, मी माझी मागं ठेवली. दुसऱ्या दिवसापासून मात्र काय झालं कळेना. ज्याची माती बघावी ती खारी. उतारावरची खारी. टेकाडावरची खारी. मारुतीच्या पारावरची खारी. माझी तर खारी होतीच. गाव सगळं हादरलं. एक जण म्हणाला, आता सगळ्यांनी मिळूनच भट्टी टाकावी.

ताईला बोलावलं. ती आली, बाटल्या बघितल्या, माती बघितली. मग तिनं मीटर थेट पाण्याच्या डब्यात बुडवला. बघितलं. माझ्याकडे बघितलं.

"आबा, हे पाणी कुठलं?"

मी म्हटलं, "तुमचंच, ताई."

बायको आतून बाहेर आली, पदर नीट केला. "याही उनात ना परवा, धरणगावथीन. त्यासले काय इहिरनं पानी देऊ?"

लेकीच्या सासरची माणसं आली होती. तिनं घरातलं सगळ्यात शुद्ध पाणी त्यांना दिलं. व्याही म्हणाले, पाणी फार हलकं आहे तुमच्याकडचं. चार पेले प्याले आणि वाटेसाठी एक बाटली भरून घेतली. ताईला कमी दिसू नये म्हणून बायकोनं डबा विहिरीच्या पाण्यानं पुन्हा गळ्यापर्यंत भरून ठेवला. आमची विहीर खारी, हे गावात शेंबड्या पोरालाही माहीत आहे.

ताई डोकं धरून ओट्यावर बसली. त्या दिवशी तिनं पहिल्यांदा आमच्याकडे चहा मागितला.

चहा संपल्यावर म्हणाली, "अक्का, व्याह्यांना विहिरीचं दिलं असतं तरी चाललं असतं. मातीला नाही चालत."

*

नवा डबा आला. बायकोनं त्याला कुंकवानं फुली मारून ठेवली, म्हणजे कोणी हात लावणार नाही. मग मी माझ्या वावराचे बारा नमुने केले, तीन दिवसांत. ताईनं आकडे वहीत मांडले. मला आकड्यांचं कळत नाही, ती काय म्हणाली तेवढं कळलं. ती म्हणाली, "आबा, वरचा अर्धा भाग ठीक आहे, त्यातला बांधाजवळचा कोपरा सोडून. खालचा अर्धा आजारी आहे. पण मेलेला नाही."

मी ते वाक्य राजूला फोनवर जसंच्या तसं सांगितलं. तो म्हणाला, "आजारी माणसाला दवाखान्यात नेतात, आबा. आजारी वावराला कुठं नेणार?"

मी फोन बायकोकडे दिला.

त्याच आठवड्यात सुपडूनानाच्या भाच्याचं लग्न होतं, सावद्याला. नाना म्हणाला, मीटर दोन दिवस दे, तिकडच्या पाहुण्यांना दाखवतो. मी दिला. मला नाही म्हणता येत नाही, हे नानाला चाळीस वर्षं माहीत आहे.

लग्नात वरण-बट्टी. नाना पंगतीला न बसता थेट आचाऱ्याच्या मागं गेला. मोठ्या पातेल्यात वरण उकळत होतं. त्यानं पेल्यात काढून घेतलं, फुंकर मारून निवू दिलं, अर्धा तास थांबला नाही ही चूक सोडली तर बाकी सगळं ताईनं शिकवल्याप्रमाणे केलं. मीटर बुडवला. मीटरनं आकडा दाखवलाच नाही, नुसत्या रेघा आल्या. नानानं चार पाहुणे गोळा करून जाहीर केलं, की हे वरण मापाच्या बाहेर गेलेलं आहे.

आचारी झारा हातात घेऊन ऐकत होता. पन्नास वर्षं त्यानं लग्नं जेवू घातलेली. त्यानं मीटरकडे बघितलं, नानाकडे बघितलं.

"नाना," तो म्हणाला, "वरणात केळी लावायची आहे का?"

*

पुढं ताई एका साहेबांना घेऊन आली. त्यांच्याकडे लांब फळीसारखं एक यंत्र होतं. माती खणायची नाही, पाणी घालायचं नाही. फळी हातात धरून वावरात नुसतं चालायचं, की खालचं मीठ तिला कळतं. मला हे फार नवल वाटलं. साहेब आपल्या वावरात घाम गाळतायत आणि आपण सावलीत बसावं, हे बरं दिसेना. म्हणून मी त्यांच्या बरोबरीनं चालू लागलो.

एक फेरी झाली. साहेब थांबले, आकडे बघितले, घाम पुसला. म्हणाले, "आश्चर्य आहे. मीठ मधूनच वर येतं, मधूनच जातं."

दुसरी फेरी केली. पुन्हा तेच. नीट बघितलं तेव्हा लक्षात आलं, की मी जवळ आलो की आकडा चढतो आणि मी मागं पडलो की उतरतो.

"आबा, अंगावर काही लोखंड आहे?"

माझ्या कमरेला विळा खोचलेला होता. तो काढून बांधावर ठेवला. तिसरी फेरी. आकडा अजून थोडा उडत होता.

"आणखी काही? चांदी, तांबं?"

मी म्हटलं, "साहेब, चांदीचा करदोडा आहे. लहानपणापासूनचा. पण तो काढला तर धोतर कशाच्या आधारावर?"

ताईनं तोंड फिरवलं. साहेब म्हणाले, "आबा, तुम्ही असं करा. बांधावरच बसा."

मी बसलो. सुपडूनानाही येऊन शेजारी बसला. साहेबांनी सगळं वावर चालून काढलं आणि फोनवर चित्र काढून आम्हाला दाखवलं. माझ्या वावराचा नकाशाच होता तो. चांगली जागा हिरवी, खारी जागा तांबडी. तांबडं वरच्या बांधापासून सुरू होत होतं, आधी अरुंद, मग रुंद होत होत खालपर्यंत. जणू वरून कोणी घागर कलती केली होती.

साहेबांनी बोट ठेवलं. "पाणी इथून येतंय. वर कोणाचं शेत आहे?"

वर सुपडूनानाची केळी उभी होती, दाट, हिरवीगार. नानाचा ठिबकवर विश्वास नाही. तो म्हणतो, केळीला नळीनं पाजायचं नसतं, न्हाऊ घालायचं असतं. वीज आली की त्याची मोटर आपोआप सुरू होते आणि वीज जाईपर्यंत पाणी धो धो वाहतं.

साहेबांनी पुन्हा विचारलं, "वर कोण आहे?"

नानानं टोपी काढून झटकली, डोळ्यांवर हात धरून लांब बघितलं.

"वर?" तो म्हणाला. "वर तं सातपुडा शे, साहेब."

*

हिरालाल भट्टीवाला आला तेव्हा आखाजीला बारा दिवस उरले होते. राजूनंच त्याला सांगितलं होतं, वावर बघून घ्या. भला माणूस आहे, पायात बूट, खिशात रुमाल. मी त्याच्यासाठी सगळी तयारी करून ठेवली होती. बाटल्या ओळीनं मांडल्या, मीटर पुसून ठेवला, ताईची वही, साहेबांच्या चित्राचा छापील कागद. मला वाटलं, एवढी माती नेणार, तर माणूस तिच्याबद्दल दोन गोष्टी विचारील.

तो बांधावर उभा राहिला. बुटाच्या टोकानं एक ढेकूळ फोडलं.

मी म्हटलं, "मोजून दाखवू का? अर्धाच तास लागतो."

"कशाला?" तो म्हणाला. "माती आहे ना? झालं तर. आखाजीला जेसीबी पाठवतो."

आणि गेला. एक चहा पिऊन, पाच मिनिटांत.

बायको कपबशी उचलत म्हणाली, "मन्हा बापनी बी लगीनना पह्यले तुमले यानापेक्षा जास्त येळ देखेल व्हतं."

मी हसलो. पण त्या दिवशी जेवण गेलं नाही, हे खरं.

*

ताईनं मला मग शेवटचं माप शिकवलं. त्याला मीटर लागत नाही, डबाही लागत नाही.

ती म्हणाली, "आबा, मीठ आपण होऊन वर येत नाही. पाणी त्याला घेऊन येतं. वरचं जास्तीचं पाणी जमिनीत मुरतं, तुमच्या वावराखाली येऊन साठतं. ऊन ते वर ओढतं. पाणी उडून जातं, मीठ मागं राहतं. खालचं पाणी खोल गेलं तर मीठ धुवून काढता येईल. हिरवळीच्या खताचा ढैंचा पेरू, पावसाळ्याच्या पाण्यानं धुऊ. पण पाणी वरच राहिलं तर काहीही करून उपयोग नाही."

म्हणून वावराच्या मधोमध छातीएवढा खड्डा खणला. त्यात पाणी आलं. तळाशी वीतभर नाही, चांगलं गुडघाभर. एक काठी घेतली, रोज सकाळी खड्ड्यात उभी करायची, पाणी जिथवर आलं तिथं विळ्यानं खूण करायची. राजूला सांगितलं, आखाजीला काठी बघून ठरव. खूण खाली गेलेली असेल तर वावर ठेव, नसेल तर हिरालालला हो म्हण.

तो म्हणाला, "ठीक आहे. काठी खोटं बोलत नाही."

आता बायको म्हणायची, नानाला एकदा सांगून का टाकत नाही, की पाणी आवर. ताईसुद्धा तेच म्हणायची. मला ते जमेना. चाळीस वर्षांत त्यानं माझ्याकडे पन्नास गोष्टी मागितल्या, मी त्याच्याकडे एकही मागितलेली नाही. कसं मागायचं तेच माहीत नव्हतं. मी आपला रोज खड्ड्याच्या काठावर जाऊन बसायचो.

तिसऱ्या दिवशी नाना बांधावरून उतरून आला.

"काय देखी ऱ्हायना?"

"पानी."

"कोनं?"

"खड्डानं."

तो खड्ड्यात डोकावला आणि गेला. वरून मोटरचा आवाज येत होता.

पाचव्या दिवशी पुन्हा आला. "आज कितलं?"

"कालथीन दोन बोटं वर."

त्यानं काठी हातात घेतली, उलटी केली, सुलटी केली, खुणांवरून बोट फिरवलं. म्हणाला, "तुन्ही काठी तुन्हीच बाजू सांगस."

सहाव्या दिवशी तो स्वतःची काठी घेऊन आला. घरच्या कडुलिंबाची, नीट सोललेली. मी म्हटलं, घाल. एकाच खड्ड्यात दोन काठ्या उभ्या राहिल्या, आणि आम्ही दोन म्हातारे दोन बाजूंना बसलो. ताई स्कूटीवरून चालली होती, तिनं गाडी थांबवून बघितलं आणि काही न विचारता पुढं गेली.

दोन्ही काठ्यांवर पाणी एकाच ठिकाणी आलं.

नानानं आपली काठी धोतराला पुसली. वर आपल्या केळीकडे बघितलं. मला वाटलं, आता काही बोलेल. तो म्हणाला, "चहा व्हयना का तुन्हा?" आणि गेला. त्यानंतर तीन दिवस तो दिसला नाही. मोटर मात्र ऐकू यायची. भिंतीला भिंत असूनही त्याच्या घरातून खोकल्याचा आवाजही आला नाही, आणि बायको म्हणाली, तुमचा रागच आला असेल त्याला. मी म्हटलं, मी तर काही बोललोच नाही. ती म्हणाली, त्याचाच आला असेल.

आखाजीच्या आदल्या दिवशी राजू सुरतेहून आला. त्यानं काठी बघितली. नऊ खुणा होत्या. एकही खाली गेलेली नव्हती.

तो हळूच म्हणाला, "आबा, आपलं ठरलं होतं."

मी म्हटलं, "ठरलं होतं. पण उद्या सकाळची खूण राहिलीय. आखाजी उद्या आहे."

आखाजीच्या सकाळी बायको घागर भरायच्या तयारीत होती, पितरांची. लिंबाला झोके बांधून बायका गाणी म्हणत होत्या. मी आणि राजू वावरात गेलो. राजूच्या हातात फोन होता, हिरालालचा जेसीबी गावाच्या वेशीवर येऊन थांबला होता. गावात वीज होती, कारण पिठाच्या गिरणीचा आवाज इथपर्यंत येत होता. मी काठी घेऊन खाली वाकलो, आणि तेव्हा लक्षात आलं की गिरणीचा आवाज इतका स्वच्छ कधीच येत नाही.

वरच्या बांधावरून सुपडूनाना येत होता. आखाजीचं धुतलेलं धोतर, डोक्यावर नवी टोपी, आणि गुडघ्यापर्यंत चिखल. तो येऊन खड्ड्याच्या काठावर माझ्या शेजारी बसला. उपरण्याची गाठ सोडली. आत मोटरच्या पेटीतले तिन्ही फ्यूज होते. ते त्यानं राजूच्या हातात ठेवले.

"सुरतले लई जाय," तो त्याला म्हणाला.

राजूनं फ्यूज मुठीत धरले आणि दुसऱ्या हातातला फोन खिशात टाकला. नाना माझ्याकडे वळला, गालातली तंबाखू नीट केली आणि म्हणाला,

"आबा, मोटर बंद शे. खड्डाले सांगी दे."